आडव्या स्क्रूचा नट

अश्लेषाचं लग्न झालं ते अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली आणि मुलीचे वडील हंबीरराव शेवाळे मांडवाच्या दाराशी हात जोडून उभे राहिले. फेटा डोक्याला आवळत होता. पायात नव्या चपला चावत होत्या. पण त्यांना खरं बोचत होतं ते वेगळंच. निम्मे पाहुणे जेवून हात पुसत थेट मांडवाच्या पलीकडच्या कोपऱ्यात जात होते. तिथं आचाऱ्याच्या चुलाणाजवळ माणसांचा घोळका झाला होता आणि घोळक्याच्या मधोमध वर्धमान मगदूम उभा होता. हातात लग्नाची पत्रिका, आणि तिच्या कोऱ्या पाठीवर तो पेनानं काहीतरी काढून दाखवत होता.

"काय चाललंय रं तिकडं?" हंबीररावांनी मेव्हण्याला, हरीला, विचारलं.

"वर्धमानआण्णा यंत्र करणार हाईत म्हणं. लाकडावर नक्षी कोरायचं. कॉम्प्युटर सांगणार अन् यंत्र कोरणार."

"अन् वर्धा काय करणार?"

"त्ये खुर्चीवर बसून बघणार."

हरी हसला. हंबीरराव हसले नाहीत. मलकापूरचे व्याही, ज्यांच्यासाठी त्यांनी आष्ट्यातला सगळ्यात मोठा मांडव घातला होता, तेसुद्धा टाचा उंचावून त्या पत्रिकेत बघत होते.

वर्धमानची आणि त्यांची ओळख सांगलीच्या आयटीआयमधली, एकोणसत्तर सालची. हंबीरराव लोणंदचे, रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा. वर्धमान आष्ट्याच्या जैनगल्लीतला, घरची चार एकर शेती. दोघं फिटरच्या वर्गाला. तिथं पहिले सहा महिने एकच काम असायचं. लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा घ्यायचा आणि कानशीनं घासून सहाही बाजूंनी गुण्यात, म्हणजे नेमका काटकोनात, आणायचा. हंबीररावांचा ठोकळा मास्तर इतर पोरांना दाखवायला घेऊन जायचे. वर्धमानची एक बाजू सरळ झाली की दुसरी कलायची, ती घासली की तिसरी. घासता घासता मुठीएवढा ठोकळा सुपारीएवढा व्हायचा. "मगदूम, हा ठोकळा हाय का बत्तासा?" असं मास्तर म्हणाले की सगळा वर्ग हसायचा आणि सगळ्यात मोठ्यानं वर्धमानच हसायचा.

वर्षभरात त्यानं ते सोडलं आणि रेडिओ दुरुस्तीकडं गेला. हंबीरराव पहिले आले. पुढं कारखान्यात दहा वर्षं काढून त्यांनी आष्ट्यातच स्वतःचा लेथ घातला, तोसुद्धा वर्धमानच्या सांगण्यावरून. पंपाचा शाफ्ट असो, उसाच्या चरकाचा रूळ असो, आसपासच्या वीस गावांतली माणसं त्यांच्याकडं यायची. "हंबीरचा हात चुकत न्हाई," हे वाक्य आष्ट्यात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. ते पहिल्यांदा म्हणणारा वर्धमानच होता.

आणि आता ज्याला एक ठोकळा गुण्यात आणता आला नाही, तो हाताशिवाय कोरणारं यंत्र करणार होता.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी हंबीरराव त्याच्या घरावरून मुद्दाम गेले. सोप्यात जुन्या लोखंडी कॉटचे अँगल कापून एक चौकट उभी केलेली होती. मिरजेच्या भंगारवाल्याकडनं किलोवर आणलेले मोडके प्रिंटर एका पोत्यात पडले होते, त्यांच्या पोटातल्या मोटारी काढून एका ओळीत मांडल्या होत्या. कोपऱ्यात पतसंस्थेनं टाकून दिलेला कॉम्प्युटर, त्याच्यावर भरतकामाचं झाकण. आणि कोरायच्या हत्याराला फिरवायला मोटार होती ती सरळ स्वयंपाकघरातल्या मिक्सरची.

"बघा की भावजी," चंदनबाला वहिनी पाट्यावरून उठून हात पुसत बाहेर आल्या. "लग्नात आलेला मिक्सर माज्या म्हायेरचा. त्याचं पोट फाडलं ह्यांनी. मी आपली बसलीया चटणी वाटत."

"चटणीला पाट्याचीच चव येती," वर्धमान म्हणाला.

"येती की. वाटणाऱ्याला इचारा."

वर्धमाननं हंबीररावांना खाली बसवलं आणि वहीचं पान पुढं केलं. सगळं भंगारात मिळालं होतं, पण एक गोष्ट मिळत नव्हती. हत्यार धरणारा गाडा मागंपुढं आणि आडवा सरकवायला दोन लांब स्क्रू हवे होते, चौकोनी आट्यांचे, आणि त्या प्रत्येकावर चालणारा गनमेटलचा नट. मोटार स्क्रू फिरवणार, नट सरकणार, नटाबरोबर गाडा.

"बाकी सगळं मोडकंतोडकं चालंल गड्या. ह्ये मातुर नामी पायजे. तुज्याबिगर कुणाकडं जाऊ?"

"काय कोरणार हाईस ह्याच्यावर?"

"आमच्या देवळाच्या, बस्तीच्या सभामंडपाला चोवीस फळ्या. चोवीस तीर्थंकरांची लांछनं, म्हंजे ज्याच्या त्याच्या खुणा. बैल, हत्ती, घोडा, माकड... शेवटाला सिंह. पंचांनी हो म्हटलंय. नव्याण्णव सालच्या डिसेंबरअखेर द्यायच्यात."

हंबीरराव म्हणाले, "करतो की."

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर बस्तीच्या पंचांपैकी एक जण भेटले. त्यांनी काही वाईट मनानं विचारलं नाही. "शेवाळे, आता यंत्रंच सगळं करणार म्हणजे तुमच्यासारख्या हातवाल्यांचं कसं व्हायचं?" एवढंच म्हणाले आणि बशीतला चहा ओढून निघून गेले. हंबीररावांचा चहा कपातच गार झाला.

पहिला नट त्यांनी जिवापाड केला. चांगला नट ओळखायची त्यांची एक रीत होती. स्क्रू उभा धरायचा, वर नट लावायचा, तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि हात काढून घ्यायचा. नट आपल्याच वजनानं, तूप ओघळावं तसा, गरगरत खाली यायला हवा. भरकन आला तर ढिला, अडकला तर घट्ट. पहिला नट तुपासारखा उतरला.

दुसरा, आडव्या स्क्रूचा, लेथवर चढवला तेव्हा दुपार होती. माप आलं. आता हत्यार मागं घ्यायचं. हंबीररावांचा हात चाकावर होता. तीस वर्षांत तो हात माप आल्यावर कधी पुढं गेला नव्हता. त्या दिवशी गेला. एक काप जास्त. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक.

नट भरकन खाली आला आणि बाकावर आपटला.

दुसरा करायला गनमेटलचा तुकडा होता. वेळही होता. हंबीररावांनी नटाकडं बराच वेळ बघितलं. मग डब्यातलं घट्ट काळं ग्रीस बोटावर घेतलं आणि आट्यांत ठासून भरलं. आता नट हाताला घट्ट लागत होता आणि सावकाश उतरत होता. कारागिराशिवाय कुणाला कळलं नसतं, आणि वर्धमान कारागीर नव्हता.

यंत्र पहिल्यांदा चाललं ते गणपतीच्या आदल्या आठवड्यात. सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वर्धमाननं आधी साधा गोल कोरायला लावला. मिक्सरची मोटार किंचाळली, भुसा उडाला, आणि कुणाचा हात लागत नसताना गाडा आपोआप फिरायला लागला तेव्हा बायकांनी तोंडावर पदर घेतला. यंत्र थांबलं. वर्धमाननं फुंकर मारून भुसा उडवला.

गोल गोल नव्हता. दोन्ही बाजूंना त्याला खांदे आले होते, आणि सुरुवात जिथं झाली तिथं शेवट जुळला नव्हता.

"आण्णा, ह्ये चाक म्हणायचं का वांगं?" गल्लीतला धुळा गवळी मागून ओरडला.

"भरल्या वांग्याचं यंत्र केलंय आण्णांनी!"

सोपा हसण्यानं भरून गेला. वर्धमान पण हसला, आयटीआयमध्ये हसायचा तसाच. हंबीरराव हसले नाहीत. "व्हईल, व्हईल. दमानं घे," असं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले आणि घरी आले. त्या दिवशी ते एक भाकरी जास्त जेवले.

"काय गावलं म्हणायचं आज?" बायकोनं, शकुंतलाबाईंनी, विचारलं.

"काय न्हाई. कालवण चांगलं झालंय."

"कालचंच हाय त्ये. काल तर निम्मं ताटात टाकलं व्हतं."

आठ दिवसांनी वर्धमान लेथवर आला. त्याच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. त्याला पाहताच हंबीररावांनी लेथ बंद केला. आता नट पुढं टाकणार, असं वाटलं. पण वर्धमानच्या हातात काही नव्हतं.

"हंबीर, तुजा डायल गेज दे की दोन दिस. मोजायचंय."

"काय मोजतोस?"

"सगळंच. कुठंतरी ढिल हाय. गाडा डावीकडनं उजवीकडं वळला की मोटार फिरती, पण गाडा जरा उभाच ऱ्हातो. मग निघतो."

हंबीरराव लेथ पुसायला लागले. पुसलेलाच होता. "नटाचं बघितलंस का?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. आपण हे का विचारलं ते त्यांनाही कळलं नाही.

वर्धमाननं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "नट तू केलाईस न्हवं? हंबीरचा हात चुकत न्हाई. माजंच काय तरी चुकलं असंल."

हंबीररावांनी कपाटातून मखमलीच्या डबीतला गेज काढून दिला. तो गेज ते कुणाला देत नसत. वर्धमाननं तो दोन्ही हातांनी घेतला. तिसऱ्या दिवशी परत आणून दिला, पुसून, तेल लावून. काय मापलं ते त्यानं सांगितलं नाही आणि हंबीररावांनी विचारलं नाही.

दसऱ्याला वर्धमानच्या यंत्राचा गोल जुळला.

धुळ्यानंच बातमी आणली. "शेवाळेमामा, चला की बघायला! बांगडी ठेवून बघितली, केस आत जाईना!" हंबीरराव गेले. फळीवर चंद्रकोर कोरली होती, चंद्रप्रभूंचं लांछन. त्यांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. तीस वर्षांच्या अंगठ्याला कुठंही खड्डा लागला नाही.

"कसं केलंस?"

"कॉम्प्युटरला शिकवलं," वर्धमान म्हणाला. "वळताना जरा दम घे म्हणलं."

पुन्हा यंत्र लावलं. सगळे नक्षीकडं बघत होते. हंबीरराव डोळे मिटून ऐकत होते. गाडा जायचा, जायचा, आणि वळायच्या क्षणी थबकायचा. टक्. मग पुढं. परत वळताना टक्. ती जागा कुठली होती ते सोप्यात फक्त दोघांना माहीत होतं. गाडा वळला की आधी त्यांनी केलेली ती पोकळी भरून घेत होता आणि मगच कामाला लागत होता. हाताचं ज्याला कधी जमलं नाही, त्यानं त्यांच्या हाताची खोट बोट न लावता नुसत्या आकड्यांनी पार केली होती.

त्या दिवसापासून हंबीररावांचं जेवण पुन्हा कमी झालं. सांगलीच्या वर्तमानपत्रात वर्धमानचा फोटो आला. यंत्र बघायला सातारा, कराडहून माणसं यायला लागली. पत्ता विचारायला ती लेथवर थांबायची. "मगदूमांचं यंत्र कुठं हाय हो?" दिवसातून एकदा तरी हे ऐकावं लागायचं. एकदा एकाला त्यांनी मुद्दाम बाजाराकडचा उलटा रस्ता दाखवला, आणि तो माणूस उन्हात वळून गेल्यावर आपलीच लाज वाटून घरात जाऊन बसले.

दिवाळी झाल्यावर त्यांनी नवा नट केला. कुणाला न सांगता, दुकान बंद ठेवून, एक आख्खा रविवार घालवून. स्क्रूचं माप त्यांच्या वहीत होतं. त्या मापाचा आखूड तुकडा केला आणि त्याच्यावर नट बसवला. तो तुपासारखा उतरला. असा नट त्यांनी जन्मात केला नव्हता. फडक्यात गुंडाळून खिशात घातला आणि जैनगल्लीत गेले.

सोप्यात आष्ट्याचे दोन शिक्षक बसले होते. "अहो मगदूम, तुमच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत झाला नाही," असं त्यांच्यातला एक म्हणत होता. हंबीरराव उंबऱ्यावरूनच फिरले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पंच होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कुणीच नव्हतं. वर्धमान एकटा, चष्मा कपाळावर चढवून फळी पुसत होता.

"ये की रं. लय दिसांनी. बस." त्यानं फळी दाखवली. "अकरावी. गेंडा. श्रेयांसनाथाचा. बघ जमलाय का."

जमला होता. गेंड्याच्या कातडीची घडी न् घडी दिसत होती. हंबीररावांचा हात खिशात गेला, फडक्यावर पडला आणि तिथंच थांबला.

"शिंग जरा आखूड झालंय," ते म्हणाले, आणि चहा न घेता निघाले.

पुढं वर्षभर तो नट त्यांच्या लेथच्या खणात पडून राहिला.

वर्धमान गेला तेव्हा एकवीस फळ्या झाल्या होत्या. सकाळी बंब पेटवायला उठला आणि न्हाणीच्या दाराशीच बसला, तो बसलाच. हंबीरराव खांदा द्यायला सगळ्यात पुढं होते. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. ते ऐकून त्यांनी खांदा बदलून घेतला.

तेराव्यानंतर चंदनबाला वहिनींचं बोलावणं आलं. सोप्यात वर्धमानची मुलगी भाग्यश्री उभी होती. नुकतीच बी.कॉम. झालेली. यंत्रावर पांढरी चादर होती.

"भावजी, तीन ऱ्हायल्यात," वहिनी म्हणाल्या. "पंच म्हणत्यात असू द्यात, सुताराकडनं करून घेऊ. पर ह्यांचा सबूद व्हता. हिला यंत्र चालवाय येतंय. तुमी नुसतं जवळ थांबा. लोखंडाचं कायबी झालं तर आमाला कळायचं न्हाई."

"आण्णांनी तिन्ही फळ्या फ्लॉपीत घालून ठेवल्यात काका," भाग्यश्री म्हणाली. "मला एवढंच येतं. फ्लॉपी घालायची, नाव टाइप करायचं. आतलं काय ते त्यांचं त्यांनाच माहीत."

"उद्या येतो," हंबीरराव म्हणाले. "आदी तेलपाणी करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा खिशात फडकं होतं. गाडा सोडवून त्यांनी आडव्या स्क्रूचा नट काढला. दीड वर्षानंतरही आट्यांत ते काळं ग्रीस होतं, त्यांनीच भरलेलं. त्यांनी नवा नट बसवला. नट बसला तो काचेसारखा. गाडा बोटानं हलवून बघितला. तसूभर ढिल नाही. गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांना छाती भरून श्वास घेता आला. आता वर्धाचं यंत्र खरं झालं, असं त्यांच्या मनात आलं.

"लाव पोरी."

बाविसावी फळी. नेमिनाथांचा शंख. सागवानाची फळी वर्धमाननं स्वतः निवडून, सुकवून ठेवलेली. यंत्र चाललं. भाग्यश्री फुंकर मारत होती आणि दोनच मिनिटांत तिची फुंकर थांबली.

शंखाची रेघ प्रत्येक वळणावर पुढं उडी मारत होती. जिथं वळण यायचं तिथं ठेच लागल्यासारखी बाहेर जायची. शंखाला गाठी आल्या. तोंड पोटाला जुळेना.

"बंद कर! बंद कर!"

यंत्र थांबलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, काय केलंत तुम्ही?" भाग्यश्री रडवेली झाली होती. "काल मी रिकामं चालवून बघितलं तेव्हा नीट चाललं होतं!"

हंबीरराव खाली बसले. त्यांना कळायला वेळ लागला नाही, त्यांचाच धंदा होता. वर्धमाननं यंत्राला शिकवलं होतं की प्रत्येक वळणावर हंबीररावांची पोकळी भरून घ्यायची. आता पोकळी नव्हती, पण यंत्र भरतच होतं. ते विसरायला कुणी सांगणार नव्हतं. सांगणारा गेला होता.

"नवीन नट घातला," ते म्हणाले. "चांगला."

"मग चांगल्यानं बिघडलं कसं?"

त्यांनी पाना खाली ठेवला. भाग्यश्रीनं बापाची वही उचलली. कॉम्प्युटरशेजारी कायम असायची ती. पानं चाळत तिनं एका जागी बोट ठेवलं आणि वाचलं, "आडवा स्क्रू. हंबीरचे अंतर अठ्ठावन्न. वळताना धरणे." तिनं वर बघितलं. "हे अठ्ठावन्न काय आहे काका? वळणावरच्या त्या टक् आवाजाबद्दल मी आण्णांना एकदा विचारलं होतं. नटात ढिल आहे म्हणाले. मग काकांना सांगून दुसरा करून घ्या म्हटलं. तर म्हणाले, हंबीरचा हात चुकत न्हाई. त्यानं सोडलंय त्ये सोडू दे. आपून मोजून घिऊ."

मिलिमीटरच्या शंभर भागांतले अठ्ठावन्न. डायल गेजवर काटा नेमका तिथंच थांबला असणार.

चंदनबाला वहिनींनी एकदा वहीकडं आणि एकदा हंबीररावांकडं बघितलं. पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "आणिक एक फळी हाय भावजी. ह्यांनी जादाची ठेवली व्हती. ह्यांना ठावं असायचं, एकांदी वाया जाती."

हंबीररावांनी तोंडावर पाणी मारलं. पाना उचलला. आपल्या जन्मातला सगळ्यात चांगला नट त्यांनी स्क्रूवरून काढला आणि सगळ्यात वाईट नट परत चढवला. ग्रीस पुसलं मात्र. आता लपवायला कुणी उरलं नव्हतं.

"लाव," ते म्हणाले.

गाडा निघाला. वळणावर टक्. शंखाचं पोट गोल झालं, तोंड पोटाला जुळलं. पुढच्या सोमवारी साप झाला, गुरुवारी सिंह. तिन्ही दिवस हंबीरराव यंत्राशेजारी पाटावर बसून होते, आणि गाडा वळला की दर वेळी त्यांची मान किंचित खाली जायची.

चोवीस फळ्या बस्तीच्या सभामंडपात लागल्या. लोणंदचे, कराडचे पाहुणे आले की हंबीरराव त्यांना आवर्जून दाखवायला नेतात. "तुमचा पण हात लागलाय म्हणे ह्याला?" असं कुणी विचारलं तर म्हणतात, "लागला व्हता. त्यानं सांभाळून घेतला."

वर्धमान आदगोंडा मगदूम, राहणार आष्टा, तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे नव्याण्णव रोजी, मंगळवारी सकाळी वारले. त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं.